लायसनची साक्ष

"साक्ष देणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढ," लायसन म्हणाला. "मला चारचौघांत बोलता येत नाही."

नासिबेको चुलीपाशी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होती. तुरुंगातून सुटलेल्या आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांसाठी ब्लँटायर शहरातलं हे घर तिनेच उभं केलं होतं. तिचा नवरा खटला सुरू होण्याआधीच कोठडीत वारला होता.

"बाबा, शनिवारी राजधानीतून, लिलाँग्वेहून, कायदा आयोगाच्या बाई येताहेत. एकेकाचं ऐकून घेणार, मग माणसांना खटल्याविना डांबायचा कायदा बदलायचा की नाही ते ठरणार. इथे कोणी दोन वर्षं आत काढली, कोणी सहा. तुम्ही तेवीस. तुमच्याइतकं कोणी पाहिलंय?"

लायसन उठून अंगणात गेला.

पुरात घर वाहून गेल्यापासून तो बसस्टँडच्या ओट्यावर झोपायचा. पोलीस अशा माणसांना गाडीत घालून न्यायचे. घर नसणं हाच गुन्हा. दोन महिन्यांपूर्वी वॅडसनने त्याला तिथे पाहिलं आणि हाताला धरून इथे आणलं.

"तुरुंगात होतात?" नासिबेकोने विचारलं होतं.

"तेवीस वर्षं."

त्याने नाव सांगितलं, आडनाव गिळलं. तिने पुढे काही विचारलं नाही. इथे कोणी कोणाला मागचं विचारत नसे, आणि ते न विचारणंच त्याला आतून खात होतं.

सगळ्यात जड जायचा तो वॅडसन. सायकलचोरीच्या संशयावरून धरलेला माणूस. फाईल हरवली म्हणून सहा वर्षं खटल्याविना आत राहिलेला. त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. तरी सकाळी लायसनच्या अंघोळीचं पाणी तोच आणायचा. कालवणातली मोठी मासळी लायसनच्या ताटात सारायचा.

"खा, काका. जोराचं वारं आलं तर उडून जाल."

बाकीचे हसायचे. लायसन ताटातून नजर वर करत नसे.

एकदा जेवताना आतल्या दिवसांचा विषय निघाला.

"एका बराकीत दीडशे माणसं," वॅडसन सांगत होता. "उताणं पडायला जागा नाही. सगळे एका कुशीवर, एकमेकांना चिकटून."

"आणि हाक आली की सगळ्यांनी एकदम कूस बदलायची," लायसनच्या तोंडून निघून गेलं.

वॅडसनने त्याच्याकडे पाहिलं. "बरोबर. विसरला नाहीत म्हणायचं."

त्यानंतर लायसन ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

शुक्रवारी दुपारी वॅडसन पायरीवर त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"काका, लाज वाटते?"

"हो."

"कोणापुढे?"

"तुझ्यापुढे."

वॅडसनने अंगावरच्या माश्या हाकल्या.

"मग माझ्यापुढेच बोला की. तुम्ही गप्प बसलात तर त्या बाई काय लिहिणार?"

"बोललो तर या घरात राहता यायचं नाही मला."

"ते उद्याचं उद्या बघू."

तो उठून गेला. लायसन तिथेच बसून राहिला. संध्याकाळी तो नासिबेकोकडे गेला आणि म्हणाला, "नाव राहू दे यादीत."

शनिवारी आयोगाच्या बाई वही उघडून आंब्याखाली बसल्या. समोरच्या बाकांवर घरातली सगळी माणसं. एकेक जण उठून बोलला. वॅडसनने हरवलेल्या फाईलचं सांगितलं, सहा वर्षांचं सांगितलं.

"आणि हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ते दुसरं कोणी सांगेल," वॅडसन म्हणाला आणि खाली बसला.

मग लायसन उठला. या माणसांच्या हातचं त्याने दोन महिने खाल्लं होतं, त्यांच्या पांघरुणात झोपला होता. फाटक उघडंच होतं; सरळ चालत सुटावं आणि बसस्टँड गाठावा, असं त्याला वाटलं. पण तो उभा राहिला.

"बाबा, पूर्ण नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"लायसन," एवढंच तो म्हणाला. आडनाव पुन्हा गिळलं.

"लिहा, बाई," वॅडसन बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाला. "हवालदार लायसन चिकोपा. तुरुंगात आमच्या बराकीवर पहारा यांचाच असायचा. बोला, साहेब."