पतंग त्याला, बार तिला

माणसाला लाटांवरून ओढून नेणाऱ्या पतंगाला त्याच्याच कंपनीचा बार, म्हणजे हाकायचा दांडा, लागतो. दुसऱ्या कंपनीचा जोडणं म्हणजे मरणाला आवतण, असं ग्रॅहम जेराल्टनच्या किनाऱ्यावर उभा जन्म सांगत आला. म्हणून घटस्फोटात त्याने पतंग स्वतःकडे ठेवले आणि बार तेवढे नोएलीनला दिले. येईल झक मारत परत, असा हिशोब.

आज वारा सुटला. नोएलीनने कुणाचा तरी भलत्याच कंपनीचा पतंग मागून घेतला, आपल्या बारला जोडला आणि दोर ताणून सारखे केले.

"अगं, मरशील!" ग्रॅहम ओरडला.

"मग तुझी कटकट तरी संपेल," म्हणत ती लाटांवर गेलीसुद्धा.

ग्रॅहम किनाराभर विचारत फिरला, "बार आहे का? कुठल्याही कंपनीचा चालेल."

जास्तीचे पतंग सगळ्यांकडे होते. जास्तीचा बार कुणाकडेच नव्हता.