काहीच वाढलं नाही

लेकीच्या कानामागे गोचीड सापडली, पाठोपाठ ताप आला, आणि तिचं रक्त तपासायला आमच्याच लॅबमध्ये आलं. गोचिडीतून येणारे तापाचे जंतू फक्त जिवंत पेशींच्या आत वाढतात, म्हणून आम्ही फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींवर रक्त सोडून वाट बघतो. पण आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर अंगात असूनही ते जंतू फ्लास्कमध्ये उगवत नाहीत. "एकही गोळी दिलेली नाही," असं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

रोज मायक्रोस्कोपला डोळा लावायचे आणि मनात म्हणायचे, वाढू नका रे बाबांनो. आज आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "पेशी स्वच्छ आहेत गं, सुटलीस! औषध नको म्हणून डॉक्टरांना कळवलंय मी."

धावतच घरी आले, लेकीला उचललं. अंग अजून जरा कोमटच लागत होतं. तरी सासूबाईंना आनंदाने सांगितलं, काहीच वाढलं नाही.

त्या हसल्या. "वाढेल कसं? रक्त काढायला नेलंत ना, त्या सकाळीच तुझी ती उरलेली अँटिबायोटिकची गोळी मी हिला मधातून चाटवली होती. तू उगाच घाबरतेस, म्हणून बोलले नाही."