अकरा पोकळ झाडं

“काका, ही अकरा झाडं पोकळ आहेत, असं तुम्हीच सांगितलंय,” नीलेशने पिवळी पडलेली वही सहदेवसमोर धरली.

सहदेव वहीकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही. शेवटी त्याची बायको बायजा पुढ्यात आली आणि तिने तेच पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला, “हां. आंगठा माजाच हाय.”

“माज्याबिगर कुणाचं ऐकायची सवयच नाय यांना,” बायजा म्हणाली.

निसर्गशाळेची समिधा हसली. वनखात्याकडून तपासणीला आलेला नीलेशही हसला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, तरी हसला.

खालापूरच्या डोंगरपायथ्याला आज जिथे ही निसर्गशाळा आहे, तिथे पन्नास वर्षांपूर्वी लाकूडतोडीचा ठेका होता. सहदेव तिथला पारखी. कुऱ्हाडीच्या पाठीने झाडाला ठोका द्यायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं. ‘भरीव’ म्हटलं की झाड आडवं. ‘पोकळ’ म्हटलं की झाड सुटलं, कारण पोकळ लाकूड घाटापर्यंत ओढत न्यायला ठेकेदाराचे बैल तयार असले तरी ठेकेदार तयार नसे. मागोमाग बायजा चुन्याचं डबडं घेऊन चालायची. भरीवला रेघ, पोकळला फुली. अकरा वर्षांत मोठ्या झाडांतली अकराच उरली.

त्या अकरांच्या बियांतून पुढे सगळं रान उठलं. आता रसायनीपासून कर्जतपर्यंतच्या शाळा इथे सहली आणत होत्या. पोरं त्या झाडांखाली बसून पानं ओळखत, डबे खात आणि वहीत ‘झाडे आपले मित्र आहेत’ असं लिहून घरी जात.

गेल्या महिन्यात खात्यात कुणालातरी कपाटात ठेक्याची ही वही सापडली. पोकळ झाडांखाली मुलं बसतात, हे कागदावर आलं. आदेश निघाला, की पावसाळ्यापूर्वी अकराही झाडं काढून टाकावीत. कागदावर पोकळ असलेलं झाड पन्नास पावसाळे कसं उभं राहिलं, हा प्रश्न कागदाला पडत नाही. तपासायचं यंत्र दोन महिन्यांनी येणार होतं आणि करवतवाले सोमवारी. मूळ पारख्याने स्वतः येऊन नोंद फिरवली, तरच आदेश मागे घेता येणार होता. समिधाने तीन दिवस गावोगाव फिरून सहदेवला दहिवलीत शोधून काढलं होतं.

“काका, आधी पाणी घ्या,” समिधाने मागून हाक मारली. सहदेव थांबला नाही. पहिल्या झाडापाशी जाऊन त्याने बुंध्याला कपाळ टेकवलं.

“याच रानानं पोसलं आमाला,” तो म्हणाला. “तोडलं आमी, तरी पोसलं.”

मग त्याने सोबत आणलेली कुऱ्हाड उलटी धरली. बायजाने त्याचा डावा दंड धरला. “वय झालंय. पडाया नको.”

ठोका पडला.

“भरीव.”

रसायनीच्या शाळेतली पोरं जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं झाड, भरीव. तिसरं, भरीव. दहाव्यापर्यंत पोरंच आधी ओरडायला लागली होती, “भरीव!”

“गप ऱ्हावा रं जरा!” बायजा खेकसली. “त्यांना ऐकू द्या.”

अकरावं झाड ऐनाचं, सगळ्यांत मोठं. समिधाचा वर्ग रोज भरायचा तो याच्याच खाली. सहदेवने ठोका दिला. मग आणखी एक. मग बुंध्याच्या दुसऱ्या बाजूने तिसरा. बायजाने डोक्यावरचा पदर मागे सारला. समिधाने डोळे मिटून घेतले.

“भरीव,” सहदेव म्हणाला.

पोरांनी एवढा गलका केला, की वरची माकडं पळाली. नीलेशने मात्र वही मिटली नाही. “मग तेव्हा पोकळ का सांगितलंत?”

सहदेव बायजाकडे बघू लागला. ती त्याच्यासमोर आली. “सांगा की. खोटं बोललात तवा.”

तो कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे.

“खोटं बोललो,” तो अखेर म्हणाला. “मालकाला फशिवलं. तसंच लिवा.”

नीलेशने तसंच लिहिलं, आदेशावर आडवी रेघ मारली आणि वाकून सहदेवच्या पाया पडला. खात्याचा माणूस ठेक्याच्या माणसाच्या पाया पडल्याचं या तालुक्यात आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेच्या बाईंनी पोरांना सांगितलं, की असा कान हजारात एखाद्याला मिळतो. पोरांनी एका सुरात ‘थँक्यू आजोबा’ म्हटलं. आजोबांनी सगळ्यांना हात जोडले.

फाटकाबाहेर दोघं खोपोलीच्या रिक्षाची वाट बघत दगडावर बसली. सहदेवने हनुवटी धरून बायजाचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“मालकाला कळलं असतं तर दोघांस्नी हाकलून दिलं असतं, बायजे.”

“मंग पोरांच्या झोळ्या कुठं बांधायच्या हुत्या आमी बायांनी?” ती सावकाश, ओठ नीट हलवत बोलली. “दर साली डोंगराचा नवा तुकडा उघडा करीत हुता तुमी. सावलीला एक तरी झाड नको?”

“तवा माला तरी सांगायचंस गं! मी आपला तू दंडाला चिमटा काढलास की ‘पोकळ’ म्हणायचो. गोवरात दोनी कान गेलेल्या माणसाला ठोका कुठनं ऐकू यायचा?”