गालातल्या गाठी

पल्लवीच्या गालांत आतून गाठी यायच्या. लाल, ठसठसणाऱ्या, साधी कूस बदलली तरी जीव कळवळायचा. "तोंड धुत न्हाई, तळलेलं खाती," म्हणून आई कमलबाई तिला रोज बोलायची; सणालासुद्धा तिच्या ताटात भजं पडू द्यायची नाही. पोरी हसतात म्हणून पल्लवीनं कळमनुरीचं कॉलेज सोडलं, तेव्हा कुठं वडील जळबा दोघींना घेऊन नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडं गेले.

"हे खोलवरचे मुरूम आहेत. यात पोरीची काही चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी थांबतील. लवकर आणलं असतं तर खड्डे पडले नसते. पुष्कळदा हे घराण्यातून येतं. घरात कुणाला होतं का?"

"कुणालाच न्हाई," कमलबाई म्हणाली. मग डॉक्टरांची नजर नवऱ्याच्या गालांवर थांबलेली पाहून तिनं घाईनं सांगितलं, "ह्यांचे खड्डे देवीचे हायेत. लहानपणी आल्त्या."

पल्लवीनं वडिलांकडं पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते.


दवाखान्याबाहेर आल्यावर जळबा म्हणाले, "मला देवी कवाच आल्या नव्हत्या, पोरी."