लिफ्टचं कार्ड

हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मिस्त्रींनी कान टवकारले.

"दार नीट लागलं नाहीये. जाळी जोरात ओढ," ते मुलीला म्हणाले.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आलेला हा माणूस नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता. जरा बरं वाटलं की साखरेच्या गोळ्या बंद, तपासणीला दांडी. मग साखर भडकायची आणि आठ-आठ दिवस हॉस्पिटलचा पाहुणचार. वर्षभरातली ही तिसरी खेप संपवून ते आज घरी निघाले होते. या तीन खेपांत मुलीच्या कॉलेजची फी गेली होती. ती औषधाच्या दुकानात कामाला लागली होती आणि "मला कुठे घाई आहे, बाबा" म्हणायची.

मुलीने जाळी ओढली, पण लिफ्ट हलेना. मिस्त्रींची नजर भिंतीवरच्या सर्व्हिसिंगच्या कार्डावर गेली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"बघ, पाच महिने सही नाही. महिन्याला अर्धा तास काढायचा तर यांच्या जिवावर येतं. म्हणे, चालतेय ना, मग कशाला हात लावायचा. आणि बंद पडली की हजारो रुपये ओततील."

मुलगी जाळीला हात लावून तशीच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही लिफ्टबद्दलच बोलताय ना?"

तिने पुन्हा जाळी ओढली, तेव्हा लिफ्ट खाली निघाली. तळमजला येईपर्यंत मिस्त्रींची नजर त्या कार्डावरच होती.

घरी पोचल्यावर त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. 'यंत्र' या शब्दापुढे लिहिलं, बाबा. खाली लिहिलं, गोळ्या, साखर, तळपाय, डॉक्टर. सही करायला पेन टेकवणार, तोच मुलीने पेन काढून घेतलं.

"यंत्राने स्वतःची सही करायची नसते."

त्यानंतर दर महिन्याला ती टॉर्च घेऊन त्यांचे तळपाय तपासायची, गोळ्या मोजायची, डॉक्टरांचा कागद मागायची आणि मगच भिंतीवर लावलेल्या त्या कार्डावर सही करायची. मिस्त्री कुरकुरत पाय पुढे करायचे. एकदा तर अंगठ्याजवळचा बारीकसा फोड तिला वेळेवर दिसला.

वर्षभरात बारा सह्या झाल्या. 'बंद पडल्याची तारीख व खर्च' हा शेवटचा रकाना तेवढा कोरा राहिला. कार्ड उतरवताना मुलीने त्यात दोन शब्द लिहिले. फी भरली.