तीन वर्षं चुकवलेली गाडी

नगरपालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसताच द्वारकाबाईंनी भुऱ्या कुत्र्याला न्हाणीघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. तीन वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. लहानपणी अशाच गाडीनं त्यांच्या वाघ्याला लोखंडी चिमट्यात धरून नेलं होतं. तो परत आला नाही, पण त्याचं केकाटणं सत्तर वर्षांनीही कानातून गेलं नव्हतं.

या वेळी मात्र गाडीतून उतरलेली तरुण डॉक्टरीण थेट दारात आली. "आजी, कुत्रा आहे ना घरी?"

"माझाच जीव मला जड झालाय बाई, कुत्रा कुठून पाळू?"

डॉक्टरीण हसली. "सगळी गल्ली सांगते, गाडी आली की तुमचा भुऱ्या गायब होतो! अहो, आम्ही कुत्रे नेत नाही. ते पिसाळू नयेत म्हणून दरवर्षी दारोदार लस टोचतो."

द्वारकाबाईंनी चौकट घट्ट धरली. "लस? मग तो दोन दिवस पाण्याला तोंड लावत नाही, ते..."

डॉक्टरिणीचं हसू मावळलं. "कुणाला चावलाय का?"

"परवा. नातीच्या बोटाला. खेळता खेळता जरासा दात लागला."

"इंजेक्शन घेतलं तिनं?"

द्वारकाबाईंनी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

"तिला आधी बोलवा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं!"

हाक मारायला द्वारकाबाई आत वळल्या. तेवढ्यात पोर आपणहूनच धावत आली आणि पिवळं बोट डॉक्टरिणीपुढे नाचवत म्हणाली, "आता मुळीच दुखत नाही. आजीनं हळद भरलीये!"