बुलबुलचं काम

“माझी पोरगी बुलबुल? एवढंसं पाखरू? आणि बिबट्या कोण, तर तो सुयोग?”

चंदरने पिशवी क्षमाबाईंच्या टेबलावर आपटली. बिबट्याचा पोशाख अर्धा बाहेर आला. मरोळच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारा माणूस तो. पोरगीच बिबट्या होणार असं धरून पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने पिवळ्या कापडावर काळे ठिपके शिवले होते. आज हाफ डे टाकून बोरिवलीला पोरीच्या शाळेत आला होता, आणि डोकं असं सणकलं होतं की विचारू नका.

“अहो, नाटकात खरं काम बुलबुलचंच आहे,” बाई म्हणाल्या. “बिबट्या केवढाही असो, बुलबुल त्याला भीत नाही. कलकलाट करून सगळ्या पाड्याला सावध करतो.”

“तेच तर बोलतोय ना मी! बिबट्याला काय, यायचं, दोन फेऱ्या मारायच्या, जायचं. तोंड उघडायला नको. बुलबुलला वाक्यं किती?”

“बावीस.”

“बावीस! बाई, हिची जीभ अडकते. स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो हिला. गेल्या वर्षी प्रार्थनेला पुढे उभी केलीत, अख्खी शाळा हसली. तीन दिवस जेवली नाही पोरगी. तेव्हा कुठे होतात तुम्ही? आता परत तिची शोभा करायचीय?”

खरंच होतं ते.

सहावीतली कल्पिता दाराशी उभी होती. “प-पप्पा, म-मला...”

“तिलाही बिबट्याच व्हायचंय,” चंदरने तिचं वाक्य पुरं केलं. नेहमीच करायचा. दुकानात, डॉक्टरकडे, पाहुण्यांसमोर. पोरीला त्रास नको म्हणून. माया होती त्याची, खोटं कशाला बोला!

कल्पिता तरातरा पुढे आली. चेहरा रागाने लालबुंद झाला होता.

“ब-ब-बु...”

शब्द अडला. चंदरने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने ते मुकाट्याने मिटलं. बाईही थांबल्या.

“बु-बुलबुलचं काम मी मागून घेतलं,” ती म्हणाली. “शाळा एकदाच ह-हसली, पप्पा. तुम्ही मला रोज ग-गप्प करता.”